लेग डे आणि अनसिंगचा प्लॉट

"म्हंजे मी शेजाऱ्याची दहा फूट जागा गिळली, असं म्हनता तुमी?"

अनसिंगच्या नर्सबाई, ज्यांना सगळं गाव सिस्टर म्हणतं, वाशीमला आमच्या ब्रँचमध्ये माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. खुर्ची पुढे केली तरी बसल्या नाहीत. घर बांधायला त्यांनी आमच्याकडे होम लोन मागितलं होतं. मी नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झालेले, आणि त्यांच्या फाईलवर 'डेव्हिएशन' असा शेरा मारून मोकळा झालो होतो. डेव्हिएशन म्हणजे कागद एक सांगतो आणि जागा दुसरंच. खरेदीखतात प्लॉट पन्नास बाय तीस होता. माझ्या साइट व्हिजिटमध्ये तो साठ बाय पस्तीस भरला.

मोजला होता पावलांनी. आमच्या ब्रँचची तशी रीतच होती. मॅनेजर साहेबांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "टेप कायले पाह्यजे? दुसरं टोक धराले मानूस कुठून आनशीन? आपलं पाऊल मोजून ठेव." मी रोज सकाळी खोलीपासून रेल्वे स्टेशनपर्यंत चालायचो. तेवढाच माझा व्यायाम. शाळेच्या मैदानावर टेप लावून पाहिलं, तर पाऊल बरोबर अडीच फूट. चाळीस पावलं, शंभर फूट. या पावलाचा मला भलताच गर्व झाला होता.

व्हिजिटच्या दिवशी मी शेजारच्या काकांनाही विचारून ठेवलं, "तुमची काही तक्रार?" काकांची कसलीच तक्रार नव्हती. मी विचारल्यावर त्यांनी ती शोधायला घेतली.

"बारा वर्स झाले, त्या गावातल्या लेकरायले डोज पाजून राह्यली मी," सिस्टर म्हणाल्या. "कालपासून दुकानात गेली का मानसं चूप होतात. पाया खोदून पडला हाये. गवंडी सोमवारी दुसऱ्या कामावर चालला."

मला वाईट वाटलं, पण मोजमाप ते मोजमाप, असं मी मनाला बजावलं आणि फाईल आणायला उठलो. म्हणजे टेबल धरून उठलो.

"पायाले काय झालं?"

"काही नाही. जिम लावलीय."

"कवापासून?"

"परवापासून."

जिमचा ट्रेनर आमच्या मॅनेजर साहेबांच्या ओळखीचा होता. त्याच्या मते चालणं हा व्यायामच नव्हे. त्याने सात पानी चार्ट दिला आणि पहिल्याच दिवशी 'लेग डे' म्हणून दीडशे बैठका काढायला लावल्या. दुसऱ्या दिवशी अनसिंगला मी देवाचं नाव घेत बसच्या पायऱ्या उतरलो होतो.

"याच पायानं मोजलं तुमी?" सिस्टरांनी विचारलं. "चाला जरा दारापर्यंत."

मी चाललो. त्या खाली बघत होत्या. "एका फरशीत एक पाऊल, लय तं दोन बोटं जास्त. फरशी केवढी हो साहेब?"

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे होते. "दोन फुटाची," ते हळूच म्हणाले.

पावलं मी बरोबर मोजली होती. आखडली होती ती पावलं. जितकी आखडली, तितका सिस्टरांचा प्लॉट वाढला, आणि तोही चहूबाजूंनी! तेव्हाच शंका यायला हवी होती.

त्याच दुपारी टेप घेऊन गेलो. दुसरं टोक काकांनी मोठ्या उत्साहाने धरलं. पन्नास बाय तीस. काकांचा चेहरा उतरला. सिस्टर मला किराणा दुकानासमोर घेऊन गेल्या. "आता इथं सांगा. जोरानं." चूक माझी, असं मी चारचौघांत सांगितलं. लाजेने मान वर होत नव्हती, पण ती अद्दल मला घडायलाच हवी होती. सोमवारच्या आत लोन मंजूर झालं. गवंडी थांबला.

आता नवीन पोरांना मी सांगतो, व्यायाम झेपेल तेवढाच करा आणि दुसऱ्याच्या जागेबद्दल काही लिहिण्याआधी टेप लावा. फाईलवरचा शेरा मी खोडला, गावातला काही खोडता आला नाही. काका आजही पारावर सांगतात, "जाऊ द्या म्हटलं. बाईमानूस हाये, दहा फूट सोडून देल्ले आपन."