चाळीपुढची दुसरी बाई

"जरा मागं सरका वहिनी, फोटोत येताय तुम्ही," सरपंच म्हणाले.

चाळ माझी. कांदा साठवायची, कांदाचाळ. माझ्या नावावरच्या शेतात, माझ्याच नावानं मंजूर झालेली. खांबांचे खड्डे मी मजुरांबरोबर खणलेत. अनुदान पाहिजे तर बांधून झालेल्या चाळीपुढं लाभार्थ्याला उभं करून कृषी खात्याचा माणूस मोबाईलवर फोटो काढतो. घरच्यांनी त्याच दिवशी नारळ फोडायचं ठरवलं. आणि नवरा गेलेल्या बाईनं नारळाच्या वेळी पुढं यायचं नाय, ही आमच्या सायखेड्याकडची रीत.

दिरानं नारळ फोडला. जावेनं दारावर कुंकू लावलं. तेवढं मी गिळलं. मी गोठ्यापाशी चहाचा ट्रे धरून उभी.

मग साहेबानं मोबाईल काढला. "लाभार्थी बाई आहे ना? कुठंय?"

दीर जावेला म्हणाला, "तूच थांब गं."

तिनं नाकापर्यंत पदर ओढला. साहेबानं मान वर करून बघितलंसुद्धा नाय. "चालेल. बाई दिसली म्हणजे झालं," म्हणाला अन् फोटो काढला.

बाई दिसली म्हणजे झालं. कोणती का असेना.

मालक गेल्यापासून मी कुठल्याच फोटोत नाय. पुतणीच्या लग्नात दोन दिवस राबले, अल्बममध्ये माझी पाठसुद्धा नाय. तेव्हा काय वाटलं नाय. सवय लागते, मेली. पण ह्या रानात भर थंडीत वाकून कांद्याचं रोप मी लावलंय. तिथं माझ्या नावानं उभी राहायला दुसरी बाई? अंगाची लाही लाही झाली.

ट्रे खाली ठेवला अन् पुढं गेले. "साहेब, लाभार्थी मी हाय. तो फोटो पुसा. माझा काढा."

जाव पदराआडून बोलली, "ताई, आजच्या दिवस राहू द्या ना."

साहेब माझ्याकडं नाय, सरपंचांकडं बघत होता. सरपंच म्हणाले, "शुभकामात अपशकुन नका करू. अनुदान तुमच्याच खात्यात येणार हाय. फोटोत कोण हाय, त्यानं काय फरक पडतो?"

"फरक पडत नाय, तर मला उभं राहू द्या."

साहेबानं मोबाईल खिशात घातला. "आधी घरात काय ते ठरवा," म्हणाला, अन् गेला. अनुदान तिथंच अडकलं.

चाळ भरायला आमच्याकडं बाया सावडीनं येतात. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. मी सगळ्यांच्या चाळी भरून आले होते. त्या दिवसानंतर माझ्याकडं कोणीच आलं नाय. एकटीनं कांद्याची क्रेटं ओढली. दुपारी भाकरी सोडली की बोलायला माणूस नाय. रडले, खोटं कशाला सांगू. जाव बांधावरून मान खाली घालून जाते. तिचा राग नाय मला, तिलाही कोणी विचारलं नव्हतं.

काल दीर निरोप घेऊन आला. सरपंचांची माफी मागा, मग जावेच्या फोटोवर भागवून घेऊ. मी म्हणाले, "नाय मागणार."

सोमवारी नाशिकला जाणार हाय, कृषी कार्यालयात. सोबत कोणी येणार नाय, ठाऊक हाय मला. मोठ्या साहेबाला तोंडावर सांगणार, पाहणी परत करा. माझ्या नावापुढं दुसऱ्या बाईचं तोंड मी लागू देणार नाय. ज्यांना फोटोत मी चालत नाय, त्यांनी ते अनुदान त्यांच्यापाशीच ठेवावं.