युनूसचं लाल सील

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, अशी आपल्याकडे रीत आहे. माझा मित्र युनूस मेकॅनिक याच्याबद्दल चांगलं बोलायला मला काही कष्ट पडायचे नाहीत. पण जे मागे जिवंत राहिले त्यांच्याबद्दलही चांगलंच बोलावं, असं कुठे सांगितलेलं माझ्या ऐकिवात नाही. तेव्हा वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बातमी आली तेव्हा मी बुलढाण्याला हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. आपण अजून जिवंत आहोत असं सहीनिशी लिहून देऊन बाहेर येतो न येतो, तोच युनूसच्या मुलीचा, रुखसानाचा फोन. ‘काका, अब्बा गेले,’ एवढंच म्हणाली आणि फोन तसाच चालू राहिला... मागे टिनावर कोणीतरी काहीतरी ठोकत होतं. मिळेल त्या एस्टीनं मेहकर गाठलं. कब्रस्तानात पोचलो तेव्हा लोक माती द्यायला पुढे सरकत होते आणि रांगेत माझ्यापुढे कृषी केंद्राचे शेठ उभे होते. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. मेहकरात ते लिहायची गरजही नाही. त्यांनी रीतीप्रमाणे तीन मुठी माती दिली, हात झटकले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, ‘हिरा माणूस होता.’ त्या क्षणी माझ्या मनात जे आलं ते कब्रस्तानात येऊ नये असं होतं. ते अजून गेलेलं नाही.

युनूस आणि मी एका शाळेतले. तो चौथीतच रेडिओ खोलायचा, मी त्याला स्क्रू सांभाळून द्यायचो. पुढे मी कचेरीत कारकून झालो आणि त्यानं बसस्टँडच्या मागे दुकान टाकलं... रेडिओ, टीव्ही, टेप, फवारणीचे पंप, जे बिघडेल ते. त्याची एक पद्धत होती. काम झालं की आतल्या बाजूला पेन्सिलीनं बिघाड लिहायचा, झाकण बसवायचा आणि स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा थेंब सोडायचा. सील तुटलं असेल तर समजायचं की मधे दुसऱ्या कोणाचा हात लागलाय. त्याची बायको शमीमभाभी वजूमुळे, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायचे म्हणून, नखांना काही लावत नसत, त्यामुळे त्या घरात नेलपॉलिश यायचं ते फक्त दुकानासाठी. बांगडीवाली दरवेळी विचारायची, भाभीले दुसरा रंग नोको का? भाभी आम्हाला चहा देताना म्हणायच्या, लोक बायकोसाठी आणतात, आमचे हे टीव्हीसाठी आणतात. युनूस नुसता हसायचा.

त्याच्याकडे भोंगाही होता. उरूस असो, गणपती असो, हरवलेली म्हैस असो, दवंडी युनूसच्या आवाजात. कापसाचं बीटी बियाणं आपल्याकडे नवंनवं आलं, तेव्हा ज्याच्या त्याच्या तोंडी तेच होतं. खरं कोणतं, खोटं कोणतं, हे पाकिटावरून कळायची सोय नव्हती. शेठनी कुठूनसं एक बियाणं आणलं आणि त्याची जाहिरात करायला युनूसला सांगितलं. मजकूर त्यांनीच लिहून दिला होता, पुस्तकी मराठीत. युनूसनं तो वाचला आणि म्हणाला, हे खेड्यात कोण ऐकन? त्यानं तो आपल्या बोलीत घोळवला, कॅसेटवर भरला आणि शेवटी स्वतःच्या मनानं एक वाक्य जोडलं... ‘मी युनूस मेकॅनिक बोलून राह्यलो, मेहकरवाला. माह्यावर इस्वास ठेवा.’ कोणी सांगितलं नव्हतं. सेटवर जसं सील करायचा तसंच त्यानं इथेही केलं. आपल्या हाताखालून गेलेल्या वस्तूला आपलं नाव असावं, एवढाच त्याचा हिशेब. साऱ्या आयुष्यात त्यानं दुसऱ्याच्या मालावर नाव घातलं ते एवढं एकदाच.

ऑटोवर भोंगा बांधून ती कॅसेट साखरखेर्ड्यापर्यंत फिरली. लोकांनी युनूसचं नाव ऐकून बी घेतलं. झाडं छातीएवढी वाढली, पण बोंडं लागली नाहीत, जी लागली ती अळीनं आतून खाल्ली. लोक तक्रार घेऊन आले. कचेरीत सगळ्यांना समोरासमोर बसवलं आणि बोललेलं उतरवून घ्यायला मी होतो. शेठ शांतपणे म्हणाले, ‘जाहिरात युनूसची, आवाज युनूसचा, नाव बी त्यानं सोताचंच घेतलं. मी काय बोललो ते दाखवा.’ मग कॅसेट लावली. खोलीभर युनूसचा आवाज घुमला आणि युनूस भिंतीशी उभा राहून माझ्याकडे पाहत होता. मजकूर शेठनी लिहून दिला, तो कागद मी माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. मी उठून तसं म्हणू शकलो असतो. मी साधा कारकून, समोर साहेब, आजूबाजूला मोठी माणसं... मी खाली मान घालून लिहिलं, ‘सदर जाहिरात युनूस यांची आहे.’ वळणदार अक्षरात. ते वाक्य त्या कागदावर माझ्या हातचं आहे आणि शेठवरच्या माझ्या रागात अर्धा राग माझ्यावरचा आहे, हे कबूल करून टाकतो.

पुढच्या आठवडी बाजारात साखरखेर्ड्याची एक म्हातारी त्याला एवढंच म्हणाली, ‘तुह्या आवाजावर पेरलं रे बावा.’ तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणाला. भोंगा त्यानं विकून टाकला. उरुसाचे लोक बोलवायला आले तरी गेला नाही. दुकानात गिऱ्हाईक आलं की इतका हळू बोलायचा की माणूस दोनदा विचारायचा. रुखसाना तेव्हा शाळेत होती. पोरी तिला ‘बोंडअळी’ म्हणायच्या. शेठचं दुकान मात्र वाढलं, वर मजला चढला. ते रस्त्यात युनूसला स्वतःहून आधी हात करायचे... चूक दुसऱ्याची आणि माफ आपण करतोय, अशा थाटात. मला त्या हाताची फार चीड यायची.

अशी पंधरा-सोळा वर्षं गेली असतील. मग एका दिवाळीत शेठचा मुलगा पुण्याहून आला आणि युनूसच्या दुकानात एक जुना गेम-कंट्रोलर ठेवून गेला. लहानपणी त्यांच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, त्यातला. चपटा, राखाडी, दोन लाल बटणं, वायर उंदरानं खाल्लेली. पुण्यात त्यानं नवा कन्सोल घेतला होता, पण हातात मजा यायची ती याच कंट्रोलरची. म्हणून वायर काढून हा नव्या कन्सोलवर बिनतारी चालवून द्याल का, असं त्यानं विचारलं. युनूसनं तो उलटसुलट करून पाहिला आणि हो म्हणाला. मी तिथेच बसलो होतो. मुलगा गेल्यावर मी म्हणालो, आला बकरा. बॅटरी अशी बसव की महिन्यात फुगली पाहिजे.

मला कावीळ झाल्यासारखं युनूसनं माझ्याकडे पाहिलं. ‘सुध्या, माह्या हातचं काम खोटं निघालं तं मंग मी राह्यलो कायले बे?’

वीस दिवस तो त्या कंट्रोलरवर होता. आत जुन्या पट्टीवर डांबराच्या ठिपक्यासारखी एक चिप होती, ती नव्या कन्सोलशी बोलू शकत नव्हती. रुखसानाच्या मोबाईलवरून त्यानं नखाएवढं ब्लूटूथचं कार्ड मागवलं. बटणाखालचे तांब्याचे ठसे जुनेच ठेवले, तिथे येणाऱ्या रेषा ब्लेडनं खरवडून तोडल्या आणि प्रत्येक ठशापासून केसासारखी तार नव्या कार्डापर्यंत नेली. बटण दाबल्यावर हाताला जे लागतं ते जुनंच लागलं पाहिजे, हा त्याचा हट्ट. चपटी बॅटरी मावेना म्हणून आतले प्लॅस्टिकचे खुंट घासले. वायर निघत होती त्या भोकात चार्जिंगची खाच बसवली. नवा कन्सोल परका कंट्रोलर ओळखत नाही, म्हणून मधे लावायची एक छोटी दांडीही आणवली. मुलानं कन्सोल दुकानातच आणून ठेवला होता. युनूस बटण दाबायचा आणि पडद्यावरचा माणूस उडी कधी मारतो ते पाहायचा. ‘उशीर करून राह्यला,’ म्हणायचा आणि पुन्हा खोलायचा. मला तर काही उशीर दिसायचा नाही.

एका दुपारी त्यानं कपाटामागून एक जुनं पाकीट काढलं. त्याच बियाण्याचं. इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, हे मला ठाऊक नव्हतं. बॅटरी आणि कार्ड यांच्यामधे काहीतरी आडवं घालावं लागतं, नाहीतर एकमेकांना टेकून जळतं. त्यानं पाकिटाचा छापील तुकडा बरोबर त्या मापात कापला, खुंटांसाठी भोकं पाडली. मागची बाजू कोरी होती, तिथे पेन्सिलीनं गावांची नावं लिहिली, जिथे जिथे भोंगा फिरला होता ती. खाली लिहिलं, ‘आवाज युनूसचा. बी शेठचं.’

‘बॅटरी तीन-चार वर्सात दम सोडते,’ तो म्हणाला. ‘कोणीतरी खोलनच. तवा वाचन.’

मी त्या दिवशी घरी जाताना अर्धा किलो जिलबी घेऊन गेलो. बायकोनं विचारलं कशाची, तर सांगितलं नाही. त्यानंतर शेठ रस्त्यात भेटले की मीच आधी हात करू लागलो. पुण्यात, त्यांच्या पोराच्या हातात, रोज संध्याकाळी त्यांचं पाप फिरतंय, या विचारानं मला बरं वाटायचं. लोक वाईट म्हणतील, म्हणोत. युनूस मात्र तो विषय पुन्हा काढायचा नाही. मी काढला तर सोल्डरिंगचा धूर फुंकायचा आणि चहा सांगायचा. आमची शेवटची भेट तशीच झाली. बॅटरी आता दम सोडत असेल ना, मी विचारलं. तो म्हणाला, चहा घेशील?

चाळिसावा दिवस व्हायच्या आत रुखसानानं दुकान उघडलं. मोबाईलचं काम ती आधीपासूनच करत होती, अब्बांची खुर्ची फक्त तिनं थोडी उंच करून घेतली. मी तिथे रोज जाऊन बसतो, सवय आहे. गेल्या पंधरवड्यात शेठचा मुलगा आला. वाईट वाटल्याचं बोलला, आणि ते खोटं नव्हतं. मग पिशवीतून तो राखाडी कंट्रोलर काढला. आता दहा मिनिटंही चालत नाही, त्याची मुलगी याच्यावाचून खेळत नाही, परवा पुण्याला परत जायचंय. चारही स्क्रूंवर लाल ठिपके जसेच्या तसे होते. तो गेला आणि मी रुखसानाला सगळं सांगितलं. जाहिरातीचा कागद, माझं वळणदार अक्षर, पाकिटाचा तुकडा... सगळं. तिनं ब्लेडनं ठिपके खरवडले आणि झाकण उचललं.

तुकडा नव्हता. बॅटरीखाली एक्स-रेच्या फिल्मचा स्वच्छ कापलेला पापुद्रा होता, युनूस एरवी वापरायचा तसा. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रुखसाना उठली, असा एक कागद पाहिल्याचं आठवून तिनं बटणांखालचे रबर ठेवायची टिनाची डबी उघडली, आणि तो तुकडा त्यात होता. नावं, भोकं, सगळं. भोकांच्या कडा ताणलेल्या होत्या... म्हणजे त्यानं तो बसवला होता आणि नंतर काढला होता. मला युनूसचा इतका राग आला, जितका शेठचाही कधी आला नसेल. मेलेल्या माणसावर ओरडता येत नाही. इतकी वर्षं तो मला चहा पाजत होता.

‘अब्बानं काढलं हे?’ रुखसानानं विचारलं.

हो, मी म्हणालो. कामात खोट नको वाटली असेल. किंवा माफ केलं असेल. मला खरंच माहीत नाही.

तिनं तुकडा दोन्ही बाजूंनी वाचला. गावांची नावं ओठातल्या ओठात म्हटली. मग म्हणाली, ‘अब्बानं माफ केलं असन. मी नाही केलं.’

तिनं फिल्मचा पापुद्रा काढला आणि तुकडा खुंटांवर बसवला. मापात बसला, बसणारच. वर नवी बॅटरी घातली, चांगली, वॉरंटीची. खेळून पाहिलं, उडी वेळेवर लागली. झाकण लावून तिनं बाटली हलवली आणि चार स्क्रूंवर चार थेंब सोडले. थेंब वाळेपर्यंत आम्ही दोघं त्याकडे बघत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मुलगा येऊन तो घेऊन गेला.

त्या मुलाशी माझं काही वैर नाही. त्यानं फक्त बापाला विचारावं. कचेरीतल्या कागदावर मी अर्धं लिहिलं होतं. पूर्ण लिहिलेला कागद आता त्याच्याकडे आहे. शेठ, ही पुरवणी तुम्ही दर रविवारी दुकानाच्या काउंटरवर वाचता, मला माहीत आहे. हे वाचून तुम्ही पुण्याला फोन कराल आणि पोराला म्हणाल, तो कंट्रोलर उघडू नको. जरूर म्हणा. म्हणजे तो उघडेल.