चार एचपीची बोट, दहा एचपीचं इंजिन आणि पलीकडच्या काठावरची मावशी

मलप्रभेच्या धरणाचं मागचं पाणी धारवाडहून सवदत्तीच्या रस्त्यानं जेमतेम तासाभरावर आहे. मी शाळेत विज्ञान शिकवते, धारवाडजवळ नवनगरात आईवडिलांसोबत राहते, आणि गेल्या वर्षी स्वतःसाठी एक हवा भरायची रबरी बोट घेतली. दोन वल्ही, दोन लाइफ जॅकेट आणि पायानं मारायचा पंप, सगळं मिळून गाडीच्या डिकीत मावतं. रविवारी सकाळी जायचं, बोट फुगवायची, पक्षी बघायचे, दुपारी परत. एवढाच बेत होता. पण हा प्रवास पक्ष्यांचा झाला नाही, आईचा झाला.

आईच्या पाठीचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. डॉक्टरांनी सांगितलं आहे, खड्ड्यांच्या रस्त्यावर गाडी नको आणि सलग बसणं नको. तिची थोरली बहीण, आमची अक्कामावशी, पाण्याच्या पलीकडच्या काठावरच्या गावात राहते. तिथवरचा मुख्य रस्ता उत्तम आहे, पण गावाकडे वळल्यावरचे शेवटचे बारा किलोमीटर म्हणजे नांगरलेलं शेत बरं. मागच्या उन्हाळ्यात आम्ही प्रयत्न केला होता. आईनं तीन किलोमीटर दात आवळून काढले आणि मग म्हणाली, "गाडी वळव." परतताना ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मावशीचं वय ऐंशीच्या पुढे, कान पार गेलेले, त्यामुळे फोनवरही काही नाही.

माझी बोट पहिल्यांदा बघितली तेव्हा माझे वडील, अप्पा, तिच्याभोवती दोन वेळा फिरले आणि म्हणाले, "वैजू, पाण्याला खड्डे नसतात."

अप्पांचं गोकुळ रोडवर पंप आणि मोटार दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. ते बंद करून वर्ष झालं होतं. वर्षभर ते पेपर वाचत, झोपत आणि आईला 'चहा घेतेस का' असं दर तासाला विचारत. त्या दिवशी त्यांनी टेप काढून बोटीची मागची फळी मोजली. या फळीवर इंजिन अडकवतात. फळीशेजारी एक छोटी पाटी आहे: इंजिन जास्तीत जास्त चार एचपी, आणि त्याचं वजनही किती असावं ते.

दोन आठवड्यांनी ते कारवारला जाऊन एका म्हाताऱ्या कोळ्याकडून जुनं इंजिन घेऊन आले. दहा एचपीचं. चाळीस किलोच्या आसपास वजन, दोघांनी उचलावं लागे.

"अप्पा, पाटीवर..." मी सुरुवात केली.

"ती पाटी कंपनीनं भीतीपोटी लावलेली असते. फळी मजबूत केली की झालं."

मी नववीच्या वर्गाला तरफ शिकवते. टोकाला वजन ठेवलं की दुसरं टोक काय करतं, ते फळ्यावर काढून दाखवते. फळी कितीही मजबूत केली तरी ती रबराला नुसती चिकटवलेली आहे, हेही मला दिसत होतं. पण अप्पा जुन्या मित्राच्या वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या पट्ट्या कापून घेत होते, त्यांना भोकं पाडत होते आणि काम करता करता शिट्टी वाजवत होते. मी गप्प बसले. एवढंच म्हटलं, की आईला बसवण्याआधी आपण दोघंच जाऊन चाचणी घेऊ.

नोव्हेंबरातला शनिवार. सकाळी सहाला निघालो. तुम्ही जाणार असाल तर हेच दिवस निवडा, पाणी भरलेलं असतं आणि ऊन मऊ. अम्मिनभावीपर्यंत धुकं होतं, पुढे दोन्ही बाजूंनी काळी रानं, हातभर वाढलेली जोंधळ्याची पिकं, मधेच हरभरा. वाटेत एका टपरीवर चुरमुऱ्यांचं गिरमिट आणि मिरचीभजी खाल्ली. दोघांचं पोट शंभराच्या आत भरतं. आमच्या ओळखीच्या बसप्पाचं शेत थेट पाण्याला लागतं. त्याच्या गावाचं नाव लिहीत नाही, गर्दी झाली तर त्याला आवडणार नाही. आणि एक, कुठल्याही धरणाच्या पाण्यात बोट घालण्याआधी तिथल्या चौकीवर रीतसर विचारा. आम्ही विचारलं होतं. इंजिनाचं नाव काढल्यावर तिथल्या माणसानं काठाजवळच राहायची अट घातली.

बोट फुगवली, इंजिन चढवलं. चढवताक्षणी मागची बाजू बसली. पाणी फळीच्या वरच्या कडेपासून चार बोटांवर आलं. बसप्पा काठावर उकिडवा बसून बघत होता. तो म्हणाला, "अण्णा, म्हशीच्या पाठीवर हत्ती बसवल्यागत दिसायलंय की हो."

पहिली फेरी दोघांनी मारली, मी पुढे वजनाला, अप्पा मागे. सांगायलाच हवं, छान वाटलं. बोट पाण्यावरून सुसाट निघाली, तोंडावर थेंब उडाले, अप्पा मोठ्यानं हसले. त्यांचं असं हसणं मी विसरले होते. काठाजवळच होतो, तरी पलीकडचं गाव एकदम जवळ वाटायला लागलं.

काठाला आल्यावर ते म्हणाले, "तू उतर. एकट्यानं किती पळते बघतो."

त्याच वेळी नाही म्हणायला हवं होतं. मी उतरले. फक्त म्हणाले, "ती लाल दोरी मनगटाला लावा." दोरीचं दुसरं टोक इंजिनाच्या स्विचला असतं. माणूस पडला की दोरी ओढली जाते आणि इंजिन बंद पडतं. अप्पा कुरकुरले, पण लावली.

पन्नास-साठ मीटर आत जाऊन त्यांनी इंजिन एकदम पूर्ण वेगात सोडलं. पुढे आता कुणी नव्हतं. बोटीचं नाक वर उठलं, आणखी उठलं, बैल मागच्या पायांवर उभा राहावा तशी ती उभी राहिली आणि अप्पा मागे पाण्यात गेले. इंजिन थांबलं. बोट आपटून परत सपाट झाली. 

मी पाण्यात धावले, पण मला नीट पोहता येत नाही. बसप्पा माझ्या शेजारून ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब घेऊन पुढे गेला. "निधान री अण्णा, निधान!" असं ओरडत, त्यांना सावकाश हात मारायला सांगत तो पोहत होता. जॅकेटमुळे अप्पा तरंगत होते. त्यांचं डोकं मला दिसत होतं आणि ते वळून माझ्याकडे बघत का नाहीत, एवढंच माझ्या मनात होतं.

काठावर आणल्यावर कळलं, चष्मा गेला होता. म्हणून त्यांना मी दिसले नव्हते.

बसप्पाच्या बायकोनं घोंगडी आणि गरम चहा दिला. बोट ओढून आणली तर ती पाण्यानं भरली होती आणि फळी एका बाजूनं रबरापासून वीतभर सुटली होती. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या मात्र जशाच्या तशा. अप्पा बराच वेळ त्या फळीवरून हात फिरवत राहिले.

"पाटीवर चार लिहिलंय ना?"

"हो."

"तू वाचलं होतंस."

"पहिल्याच दिवशी."

"मग अडवलं का नाहीस मला?"

मला रडू आलं. "तुम्ही शिट्टी वाजवत होतात, अप्पा. वर्षभरानं."

त्यांनी सुटलेली फळी रबरावर दाबून बघितली. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत मी मोटारीच्या प्लेटवरचा आकडा कधी ओलांडला नाही. गिऱ्हाईक हट्ट करायचं, मी हाकलून द्यायचो." पाण्याकडे बघत ते म्हणाले, "तुझ्या आईला अर्धा तास बसवत नाही गं. दहा मिनिटांत पोचली असती."

घरी मला वाटलं आई चिडेल. अप्पांनी सगळं खरं सांगितलं. ती उठली, पंचा आणला आणि त्यांचे वाळलेले केस पुन्हा पुसत राहिली. त्यांना बघायला चष्माही नव्हता, ते नुसते मान खाली घालून बसले होते. पुसून झाल्यावर ती म्हणाली, "मला किती वेळ बसवतं याचा हिशोब तुम्ही दोघांनी केलात. मला विचारलंत का?"

तिनं पंचा झटकून खुर्चीवर टाकला.

"मी कशाला बसू? मला आडवी टाका. रबराचीच आहे ना बोट, गादी घाला आणि आडवी टाका. हळू न्या. मला कुठं ऑफिसला जायचंय?"

इंजिन अप्पांनी कारवारला परत नेऊन दिलं. कोळ्यानं म्हणे हुज्जत न घालता ते ठेवून घेतलं आणि त्यांना जेवायला बसवलं. फळी आम्ही बोटीच्या खास डिंकानं चिकटवली आणि सुकायला दोन दिवस वजनाखाली ठेवली. तरी तिच्यावर आता काहीच अडकवायचं नाही असं ठरलं. सुभाष रोडवरून एक ताडपत्री आणि आईच्या मापाची पातळ गादी आणली. दोन रविवार मी आणि अप्पांनी केळगेरीच्या बाजूला एका मैदानात, जमिनीवर बसून वल्ही मारायचा सराव केला. लोक थांबून बघत होते. तिसऱ्या रविवारी बसप्पाच्या काठाशी उथळ पाण्यात. चौकीवर पुन्हा विचारलं, नुसत्या वल्ह्यांनी पलीकडे जायला त्यांची हरकत नव्हती.

मग तो दिवस आला. वारा साधारण दहाला सुटतो, म्हणून साडेसातलाच पाण्यात उतरलो. मुख्य रस्ता गुळगुळीत असल्यानं गाडीच्या मागच्या सीटवर आडवी होऊन आई इथवर ठीक आली होती. बसप्पा आणि त्याच्या बायकोनं तिला गादीसकट उचलून बोटीत ठेवलं. जॅकेट घातलेलं, डोक्याखाली उशी, अंगावर शाल. मी पुढे, अप्पा वल्ह्यांवर. पंधरा मिनिटांनी अदलाबदल. बसप्पा ट्यूबवर एक फळी टाकून थोडं अंतर आमच्याबरोबर आला, मग हात करून वळला.

पाणी काचेसारखं होतं. आईला आभाळाशिवाय काही दिसत नव्हतं, आणि ती आभाळाबद्दलच बोलत होती. एक बगळा वरून गेला तर म्हणाली, "ह्याचे पाय किती घाण आहेत." मग म्हणाली, "अहो, दमलात?"

"नाही."

"खोटं बोलू नका, खालून मला तुमच्या नाकपुड्या दिसतात."

मधे एकदा मी विचारलं, दुखतंय का. ती म्हणाली, "पाण्याचा हात आहे पाठीखाली. बोलू नकोस."

काठ जवळ आला तशी मला मावशी दिसली. तिच्या मुलाला निरोप दिला होता, त्यानं तिला प्लास्टिकच्या खुर्चीत आणून बसवलं होतं. ती डोळ्यांवर आडवा हात धरून बघत होती. बोटीत दोनच डोकी. तिनं मोजली असावीत. हात खाली आला, मान खाली गेली, आणि ती खुर्चीवरून उठून पाठ फिरवायला लागली.

"आई, हात वर कर," मी ओरडले. "हात!"

आईनं आडव्या आडव्याच उजवा हात सरळ वर केला. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. मावशीच्या मुलानं तिचा खांदा धरून तिला वळवलं.

मावशीनं तो हात बघितला आणि ऐंशी ओलांडलेली बाई इरकली लुगडं गुडघ्यापर्यंत भिजवत सरळ पाण्यात चालत आली. तिचा मुलगा "अव्वा, अव्वा" करत मागे. बोटीची कड धरून ती वाकली आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात म्हणाली, "आडवी काय पडलीयास? मला वाटलं मेलीस!"

आई हसायला लागली. पाठ धरून हसत होती. मावशीनं ओल्या हातानं तिच्या तोंडावरून, कपाळावरून, हनुवटीवरून हात फिरवला. अप्पा वल्ही धरून तसेच बसून राहिले.

दुपारी भाकरी, भरली वांगी, कारळ्याची चटणी आणि दही. सारवलेल्या सोप्यात दोन गाद्या शेजारी शेजारी. एकीला ऐकू येत नाही, दुसरीला बसता येत नाही, तरी दोघी बोलत होत्या. मावशी आईच्या ओठांकडे बघून उत्तरं देत होती, निम्मी चुकीची, आणि कुणाची काही तक्रार नव्हती. तीनला मी म्हटलं, वारा पडला की निघायला हवं. आई म्हणाली, "तुम्ही जा. पुढच्या रविवारी या."

तर, ज्यांना असा बेत करायचा आहे त्यांना माझं सांगणं थोडकंच. पाटीवरचा आकडा पाळा. बोटीत एकटा माणूस मागे आणि जड इंजिन, हे कधीच करू नका. लाल दोरी लावा, जॅकेट काढू नका, वाऱ्याआधी निघा. आणि ज्याच्यासाठी निघालात त्या माणसाला आधी विचारा. मी वर्गात तरफ शिकवताना आता ही बोट काढते, पण हे शेवटचं फळ्यावर लिहिता येत नाही.

संध्याकाळी आम्ही दोघंच नवनगरला आलो. अप्पांच्या तळहातांना फोड आले होते. मी खोबरेल लावत होते. घरात आई नसल्यानं फार शांत होतं.

"सकाळी जाताना किती वेळ लागला गं?" त्यांनी विचारलं.

"सव्वा तास."

अप्पांनी नव्या चष्म्यातून आपल्या हाताकडे बघितलं.

"एवढाच?" ते म्हणाले.