एकशेबारावं पान

"माझी चिठ्ठी काढलीत, तर पुढचं तुम्ही निस्तरायचं," असं बाइंडरबाई विभागप्रमुखांना एकदा म्हणाल्या होत्या. साहेबांनी ते हसण्यावारी नेलं.

पाद्री घडवणाऱ्या, आता बंद पडलेल्या एका सेमिनरीतून चार हजार जुने कॅथलिक ग्रंथ या संशोधन ग्रंथालयात आले, तेव्हापासून बाई तळघरातल्या टेबलाशी होत्या. सत्तावीस वर्षं. कसर लागलेली संतचरित्रं, मेणबत्तीचे डाग पडलेली प्रार्थनापुस्तकं. बाई खळ शिजवत, पानं शिवत आणि पुस्तकात चिठ्ठी ठेवत: काय फाटलं होतं, काय नवं घातलं, कुणी, कधी. साहेबांनी संग्रहाची सूची छापायला घेतली आणि त्या सगळ्या चिठ्ठ्या रद्दीत घातल्या. "केवढा कचरा साठवता हो बाई." सूचीवर नाव एकट्या साहेबांचं.

बाईंनी सूची पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. चारशे वर्षांपूर्वीच्या मिस्साग्रंथापाशी, चर्चमधल्या उपासनेच्या पुस्तकापाशी, थांबल्या. एकशेबारावं पान मूळ आणि अतिदुर्मीळ, असं साहेबांनी ठोकून दिलं होतं. ग्रंथ आला तेव्हा ते पान नव्हतंच. दुसऱ्या प्रतीच्या फोटोवरून बाईंनी ते अकरा दिवस बसून हातानं उतरवलं होतं, छापल्यासारखं. पुढे कुणी फसू नये म्हणून मुद्दाम आत तयार झाल्याचं साल उमटलेला कागद घेतला होता.

"सांगून टाक ना त्याला," बहीण म्हणाली. "तोंडघशी पडेल बिचारा."

"पडू दे. अजून चार पायऱ्या चढू दे, मग पडू दे."

साहेब चढले. व्याख्यानं झाली, पानाचा फोटो प्रवेशद्वाराशी लागला. बाई रोज त्याच्यावरची धूळ पुसत. इतक्या मायेनं त्यांनी स्वतःच्या घरची काचही कधी पुसली नव्हती.

मग ग्रंथ देणाऱ्या धर्मसंघाचे फादर संग्रह पाहायला आले. साहेबांनी कौतुकानं तेच पान उघडलं. पानं धरायला बाईंना वर बोलावलं होतं. फादरांनी पानाखाली दिवा सरकवला. कागदाच्या पोटात गिरणीची खूण आणि साल दिसलं. साल साहेबांच्या नोकरीतलं होतं.

"हे बनावट आहे," फादर हळू आवाजात म्हणाले. "आमचं मूळ पान कुठे गेलं, साहेब?"

'बनावट' हा शब्द बाईंनाही लागला. अकरा दिवस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. एका वाक्यात दोघंही सुटले असते.

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "चोरी नाही हो, फादर. दुरुस्ती असेल. बाई, तुम्हीच केली असेल ना? नोंद असेल काहीतरी. बाई, सांगा ना यांना."

सत्तावीस वर्षांत साहेबांनी बाईंकडे असं पाहिलं नव्हतं. बाईंनी ते डोळे भरून पाहून घेतलं. ग्रंथ अलगद मिटला, हातमोजे काढून त्याच्याशेजारी ठेवले आणि त्या दाराबाहेर पडल्या.