सापडलेली वायर

आडव्या पडलेल्या केळीच्या त्या दोन ओळी आजही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. धुळ्याहून बदली होऊन मी चोपड्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी झालो होतो. सकाळची हजेरी चालू असताना एक म्हातारे शेतकरी फिर्याद घेऊन आले. गाव त्यांना नाना म्हणे. त्यांची निसवलेली, नुकतेच घड बाहेर पडलेली केळी कोणीतरी विळ्याने कापून टाकली होती. नानांनी तिथल्या तिथे भाऊबंदांची नावं सांगितली. आमच्याकडे वावरात काही झालं की पहिला संशय भाऊबंदांवरच जातो. मीही त्यांना उलटसुलट विचारण्यात दोन दिवस घालवले आणि तोंडघशी पडलो.

खबर मिळाली किराणा दुकानातून. मारवाडी शेठ म्हणाले, "साहेब, एक बाई विचारत होती, शाळेच्या शर्टावरचे केळीचे डाग कशाने निघतील?"

केळीचा चीक कपड्यावरून जन्मात जात नाही. म्हणून केळीत जाताना सगळे जुनेरंच घालतात. शाळेच्या शर्टावर डाग, म्हणजे पोरगा शाळेच्या वाटेवरून वावरात शिरला होता.

नाव कळलं आणि मी चपापलो. महिन्यापूर्वी नानांच्या विहिरीवरच्या मोटारीची वायर गेली, तेव्हा त्यांच्या सांगण्यावरून याच पोराला मी दिवसभर ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवलं होतं. दोन दिवसांनी वायर नानांच्याच दुसऱ्या विहिरीवर सापडली. नानांनी अर्ज मागे घेतला, मी कागद मिटवला. पोराला मात्र कोणीच कळवलं नाही.

साध्या कपड्यांत घरी जाऊन, आईसमोर विचारपूस केली. त्याने लगेच कबूल केलं. "चोर आला" हे ऐकून ऐकून त्याने दहावीचा वर्ग सोडला होता; घरून मात्र शाळेचा शर्ट घालूनच निघायचा. नाना मात्र हटून बसले, "त्याले आत टाका, साहेब." मी स्टेशन डायरीत नोंद करून बाल न्याय मंडळाकडे अहवाल पाठवला. मंडळाच्या बाईंनी दोघांना समोरासमोर बसवायचं ठरवलं. असल्या गप्पांनी पोरं सुधारत असती तर आम्ही काठ्या कशाला बाळगल्या असत्या, असं मी मनात म्हणालो.

शाळेच्या व्हरांड्यात सतरंजीवर बसलो. नाना पोराकडे वळून म्हणाले, "पोटना पोरनासारखी वाढाडी व्हती रे ती केळ!"

पोराने मान खाली घातली. "चुकनं मन्हं, नाना. पन तुम्ही बठ्ठा गावमा माले चोर म्हनात. वायर सापडनी, ते कोनी सांगं का?" आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याची चौकशी केली त्यालाच मी नोकरीत पहिल्यांदा म्हणालो, "माझं चुकलं."

नाना उठले ते थेट ग्रामपंचायतीत. भोंग्यावरून स्वतः बोलले, "मन्ही वायर मन्हाच विहीरवर सापडनी. पोरगा चोर नही शे."

पोरगा शाळेत परतला. रविवारी तो नानांच्या वावरात केळीचे कंद लावायचा आणि नाना शिव्या घालत त्याला शिकवायचे. त्या दोघांना बांधावर भाकरी खाताना पाहिलं की मी मोटारसायकल हळू करायचो. फार छान दिवस होते ते.

माणूस ठाण्यात आणताना सगळं गाव बघतं, तो निर्दोष निघाला की कोणी बघत नाही. पुढे ज्याला ज्याला विनाकारण बोलावलं, त्याच्या घरी मी स्वतः सांगायला गेलो.

जळगावला निवृत्त झालो त्या दिवशी तो पोरगा भेटायला आला. माझ्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. मी ओशाळून त्याला आत बोलावलं.

तो हसला. "बसू द्या साहेब. आज कोनी बसाडेल नही, मी मन्हा मनघाई बठेल शे."