रुमालाखालचा सौदा

देवळाली कॅम्पातून आलेल्या माझ्या रूम पार्टनरने मला फसवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण ही गोष्ट तो त्याच्या बाजूने रंगवून सांगतो आणि लोक पोट धरून हसतात.

मी इगतपुरीकडच्या खेड्यातला. अकरावीपासून घोटीच्या बाजारात बैलांची दलाली केली आणि त्याच जोरावर गंगापूर रोडच्या एका कॉलेजात बी. कॉम.ला नाव घातलं. बाजारात मी बैलाचे दात बघून मालकाचं तोंड बंद करायचो. कॉलेजात पहिल्याच आठवड्यात माझं बंद झालं. उभं राहून इंग्रजीत ओळख करून द्यायची होती. मी "मायसेल्फ" म्हणालो. पुढचं येईना, म्हणून परत "मायसेल्फ" म्हणालो.

मागच्या बाकावरून आवाज आला, "बस रे भाऊ, तूच आहेस. पटलं आम्हाला!"

सगळा वर्ग हसला. त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा एकदा असं झालं तर बॅग भरायची आणि सरळ घोटी गाठायची. बैल निदान हसत नाहीत.

मग कायदा शिकवणाऱ्या मॅडमनी सेमिनार जाहीर केला. विषय करार, आणि जोडी रूम पार्टनरसोबत. त्याचे वडील तोफखान्यात हवालदार. देशभरच्या छावण्यांत वाढलेला हा पोरगा इंग्रजी चूळ भरावी तसा बोलायचा. फक्त सकाळी त्याला उठवणं कुणाच्या बापाला जमत नव्हतं. आमची खोली तिसऱ्या मजल्यावर आणि पाणी यायचं खालच्या नळाला, तेही पहाटे. ज्याने त्याने आपलं वर आणायचं. हा आठवड्यातून दोनदा बिनआंघोळीचा, अंगावर सेंट मारून लेक्चरला बसायचा.

मला माझं गिऱ्हाईक दिसलं.

मेसमध्ये जेवताना मी त्याला म्हणालो, "आजपासून तुझं पाणी मी भरतो." पुढचं उघड बोलणं शक्य नव्हतं, कारण आजूबाजूला सगळा आमचाच वर्ग जेवत होता. बैलबाजारात भाव कधी तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकायचा आणि खालून बोटं धरून आकडा सांगायचा. पाची बोटं आवळली की सौदा पक्का, मग कुणी मागे फिरत नाही. मी खांद्यावरचा पंचा त्याच्या हातावर टाकला. सेमिनारला आकडा नसतो, म्हणून त्याचं मधलं बोट दोनदा ओढलं. म्हणजे बोलायचं सगळं काम तुझं. ज्याला अक्कल आहे त्याला एवढं पुरे. मग पाची बोटं आवळली.

तो हळू आवाजात म्हणाला, "होता है भाई. सगळं ठीक होईल."

झाला सौदा.

सेमिनारच्या दिवसापर्यंत मी दोघांचं पाणी तीन मजले चढवलं. तो रोज आंघोळ करू लागला, गाणी म्हणू लागला. एका रविवारी त्याने माझ्या पाण्याने स्वतःची बाइक धुतली. दुसऱ्या दिवशी मी परत बादल्या उचलल्या. सौदा म्हणजे सौदा.

सेमिनारच्या दिवशी तो झकास बोलला. मी शेजारी मान डोलवत उभा. अर्ध्यावर तो थांबला आणि म्हणाला, "आता माझा पार्टनर करारभंग समजावून सांगेल." आणि जाऊन बाकावर बसला.

वर्गात खसखस पिकली.

"ऊठ," मी म्हणालो. "ऊठ आधी! बोलायचं तुझं ठरलं होतं ना?"

"कब?"

"कब काय? पाणी कोण भरतंय रोज? फुकट भरतोय व्हय मी?"

मागे खडूचा आवाज आला. मॅडम फळ्यावर लिहीत होत्या : मोबदला.

"मेसमध्ये बोटं आवळली, तेव्हा हो म्हणालास! आता मधेच बसतोस?"

मॅडमनी लिहिलं : स्वीकृती. त्याखाली : भंग. "थांबू नकोस," त्या म्हणाल्या, "छान चाललंय."

"अरे यार, ते?" तो खरंच उभा राहिला. "मॅडम, याने पंचा टाकून माझा हात धरला. मला वाटलं, पोराला घरची आठवण येतेय. सगळ्यांसमोर रडायला लाजतोय."

वर्ग कोसळला. मी ओरडलो, "आन् मधलं बोट दोनदा ओढलं ते?"

"मला काय माहीत! मला वाटलं हुंदका आला."

मॅडमना हसू आवरेना. डोळे पुसून त्यांनी निकाल दिला. एकाने सौदा समजून हात दिला, दुसऱ्याने धीर द्यायचा म्हणून तो धरला. दोघांची संमती एकाच गोष्टीला नव्हती, म्हणून करार झालाच नाही. मग वर्गाला म्हणाल्या, "हा धडा आता कोणी विसरणार नाही." दोघांना सारखे गुण दिले, तेही वर्गात सगळ्यात जास्त.

मी बॅग भरली नाही, हे खरं. भांडून घसा मोकळा झाला होता आणि वर्गही मला "शेठ" म्हणून हाक मारू लागला होता. सगळे म्हणतात, झालं ते तुझ्या भल्याचंच झालं. पण सेमिनारच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हा टॉवेल गुंडाळून रिकाम्या बादलीपाशी उभा होता.

"भाई, पानी?"

"करार झालाच नाही," मी पांघरुणातून म्हणालो.

त्याने डोकं खाजवलं. "पण मग यार, इतके दिवस तू भरत कशाला होतास?"

मॅडम अजून त्याच कॉलेजात शिकवतात. दरवर्षी हाच किस्सा सांगून करार शिकवतात, असं कानावर येतं. जरूर सांगा, मॅडम. पण निकाल तुम्ही दिलात, तर तो पुरा द्या. करार नव्हता, तर तीन मजले मी काय म्हणून चढलो? आणि ज्याची बाइक धुतली गेली, त्याला माझ्याइतकेच गुण कोणत्या नियमाने मिळाले? उत्तर द्या. भर वर्गात द्या.