हाताखालची ओळ

बायबल उघडलं की तो आधी पानावर पंजा ठेवायचा. मग आमच्याकडं बघून विचारायचा, "इथं काय लिहिलंय?" आणि हात न उचलता स्वतःच सांगायचा. शेवटी म्हणायचा, "सरळ हाय. ह्यात समजायला काय अवघड हाय?"

आमच्या चर्चच्या मंडळीत तो वडील होता, म्हणजे पाळकांच्या खालोखाल मान असलेला पुढारी. त्यामुळं लहानथोर सगळे त्याला 'वडील'च म्हणत. मुकुंदवाडीतल्या त्याच्या घरी दर गुरुवारी शास्त्रपाठ व्हायचा. मी पेटी वाजवायला जायचे. तो मला कधीच आवडला नाही, आणि आता तो नाही म्हणून माझं मत बदललेलं नाही.

शास्त्रात जिथं शिक्षा असे, तिथं त्याला शेजारी दिसायचे, आणि आशीर्वाद आला की स्वतःचं घर. प्रभूनं परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या धर्मपुढाऱ्यांना, ढोंगी म्हटलं, की वडील हसून सांगायचे, "परूशी म्हंजे उस्मानपुऱ्याच्या चर्चची मंडळी." श्रीमंतांना खडसावलेलं आलं की मात्र स्वतःच्या प्लॉटांचा विषय टाळून म्हणायचे, "हे त्या काळच्या श्रीमंतांना लागू हाय."

इथवर आम्ही हसून सोडून द्यायचो. मग सुशीला यायला लागली.

सुशीला दवाखान्यात आया होती. नवरा बौद्ध घरातला, स्वभावानं शांत. तिला शास्त्रपाठाला सोडून बाहेर गाडीवर वाट बघत बसायचा. त्यांच्या मुलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती आईच्या मांडीवर बसून सगळ्यांच्या ओठांकडं बघत राहायची.

त्या गुरुवारी जन्मांध माणसाचा प्रसंग होता. शिष्य प्रभूला विचारतात, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळं, याच्या की आईबापांच्या? प्रभू सांगतो, कुणाच्याच नाही. लहान पोरालाही कळेल असं उत्तर. वडिलांनी त्या उत्तरावर पंजा ठेवला.

"प्रभूनं नाव घेतलं नाय, ती त्याची दया. पाप तर होतंच. पापाबिगर असं लेकरू जन्मत नाय." मग त्यांनी सुशीलाकडं बघितलं. "लग्न कुणाशी केलंस ते आठव. इथं सगळ्यांसमोर पदर पसर, क्षमा माग. पोरगी ऐकायला लागंल."

सुशीलाचा आवाज हलला नाही.

"वडील, हात उचला. मला पुढची ओळ वाचू द्या."

"नुसती ओळ वाचून अर्थ कळत नसतो, बाई."

"मग लिहिली कशाला?"

तिनं मुलीला उचललं आणि निघाली. मी पेटी बंद करून तिच्यामागं फाटकापर्यंत गेले. ती म्हणाली, "मी देवाला सोडत नाय, ताई. यांना सोडते." नवऱ्यानं काही न विचारता गाडी सुरू केली. त्यानंतर ती आमच्याकडं परत आली नाही.

पुढं वडिलांना नातू झाला. वरचा ओठ दुभंगलेला. काही रविवार वडील चर्चला दिसलेच नाहीत. आले तेव्हा वेदीपाशी उभं राहून त्यांनी तोच जन्मांधाचा प्रसंग वाचला. या वेळी सगळा वाचला. "ह्यानं पाप केलं नाय, ह्याच्या आईबापांनीबी नाय," म्हणताना ते रडले. अख्खी मंडळी डोळे पुसत 'आमेन' म्हणाली. मला बाळाची दया आली. त्यांची नाही.

उपासना संपल्यावर मी त्यांना पायऱ्यांवर गाठलं. "वडील, हेच सुशीलाला जाऊन सांगा."

"ते प्रकरण वेगळं होतं."

"ओळी त्याच होत्या."

"ओळी त्याच असतात गं. माणसं बघावी लागतात." रुमालानं तोंड पुसून ते शांतपणे गाडीत बसले.

मागच्या वर्षी ते गेले. अंत्यविधीत पाळकसाहेब म्हणाले, यांनी आपल्याला शास्त्र उघडून दाखवलं. मी तिथून थेट औरंगपुऱ्याच्या मागं, सुशीलाच्या खोलीवर गेले. ती मुलीची वेणी घालत होती. मी सांगितलं, वडील गेले.

माझा चेहरा बघून मुलीनं बोटांनी आईला विचारलं, कोण गेलं? सुशीलानं थोडा विचार केला. मग वेणी सोडून दोन्ही हातांनी तिला सांगितलं, "आपल्या ओळखीचे नव्हते."